पाण्याने भरलेल्या बोअरमधला वायू: जुन्या कचरा डेपोशेजारच्या जागेवर मोजमाप कसं करावं

मिथेन शून्य, कार्बन डायऑक्साइड ०.२ टक्के, ऑक्सिजन २०.६ टक्के. जुन्या कचरा डेपोपासून शंभर मीटरवर वायू मोजायला घेतलेल्या बोअरचा (पाइप बसवलेल्या भोकाचा) असा आकडा आला की फाइलीवर ‘धोका नाही’ असा शेरा बसतो. पण त्याच ओळीत पाण्याची पातळी लिहिलेली नसेल, तर तो आकडा वायूबद्दल काहीच सांगत नाही. पाइपचा स्लॉटेड भाग, म्हणजे वायू आत येण्यासाठी बारीक चिरा पाडलेला भाग, पूर्ण पाण्याखाली असेल, तर वर अडकलेली हवा मागच्या खेपेला झाकण उघडलं तेव्हा आत शिरलेली असू शकते. जमिनीशी तिचा संबंधच आलेला नसतो.

उलटही घडतं. त्याच बोअरमध्ये महिन्याभराने ६० टक्के मिथेन आणि तासाला सात-आठ लिटर प्रवाह दिसतो, आणि जमीन मात्र एक थेंबही वायू देत नसते. दोन्ही चुकांचं मूळ एकच: पाणी. म्हणून पाणथळ जागेवर एक नियम बाकी सगळ्याच्या आधी पाळायचा. प्रत्येक वाचनाशेजारी पाण्याची पातळी आणि स्लॉटेड भागाची वरची कड, हे दोन आकडे लिहायचे. ते नसतील तर ते वाचन हिशोबात धरायचं नाही.

पाणी काय काय बदलतं

कोरड्या जमिनीत कचऱ्यातला वायू मातीच्या पोकळ्यांतून सगळीकडे थोडाथोडा वर निघून जातो. पावसाने वरचा थर भिजला की या पोकळ्या पाण्याने भरतात आणि वरची वाट बंद होते. मग वायू आडवा सरकतो: वाळूच्या पट्ट्यातून, जुन्या गटाराच्या खडीतून, केबलच्या डक्टमधून. खालून भूजल वर चढत असेल तर उरलेल्या जागेत तो दाबला जातो आणि जिथे फट मिळेल तिथून बाहेर ढकलला जातो. याचा अर्थ असा की जागा ओली असताना तुमच्या बोअरमध्ये वायू दिसत नाही तेव्हाच तो शेजारच्या घराच्या जोत्याखाली पोहोचत असू शकतो.

यावर हवेच्या दाबाचा परिणाम होतो. इंग्लंडमध्ये डर्बीशायरमधल्या लॉस्को गावात २४ मार्च १९८६ रोजी पहाटे एक बंगला स्फोटात उद्ध्वस्त झाला आणि तिघे जखमी झाले. वायू जवळच्या बुजवलेल्या कचराभूमीतून आला होता, आणि त्याआधीच्या साधारण सात तासांत हवेचा दाब २९ मिलिबारने उतरला होता. बाहेरचा दाब झपाट्याने उतरला की जमिनीत कोंडलेला वायू फुगतो आणि बाहेर पडतो. शांत, चढत्या दाबाच्या दिवशी घेतलेली दहा वाचनं अशा एका दिवसाची भरपाई करत नाहीत.

तिसरी गोष्ट पाण्यात विरघळलेल्या वायूची. सामान्य दाबाखाली एक लिटर पाण्यात साधारण २५ मिलिग्रॅम मिथेन विरघळतं. दहा मीटर पाण्याखाली दाब दुप्पट असतो, तिथे जवळपास दुप्पट मावतं. हे पाणी वर आलं किंवा त्यावरचा दाब कमी झाला की मिथेन बुडबुड्यांनी बाहेर पडतं. २३ मे १९८४ रोजी इंग्लंडमधल्या ॲबीस्टेड इथे पाणी वळवण्याच्या केंद्रात स्फोट होऊन १६ जण गेले, तो बोगद्यात झिरपलेल्या भूजलातून सुटलेल्या मिथेनमुळेच. कचऱ्याचा तिथे संबंध नव्हता, पण पाणी वायू किती गुपचूप वाहून आणतं हे त्यावरून कळतं.

बोअर कुठे आणि किती खोल

आधी कागदावर जागेचा उभा छेद काढा: कचरा कुठपर्यंत, भराव किती, खाली चिकणमाती की वाळू, उन्हाळ्यात पाणी कुठे, पावसाळ्यात कुठे. पाण्याच्या दोन्ही रेषा या छेदावर असल्याच पाहिजेत. त्या आखल्या की नेहमीची मोठी चूक लगेच दिसते. खोदाईच्या यंत्राला पाच मीटर जाणं सोपं असतं म्हणून बोअर पाच मीटर जाते, १ ते ५ मीटर स्लॉटेड पाइप टाकला जातो, आणि पावसाळ्यात पाणी ७० सेंटिमीटरवर येऊन बसतं. चार मीटर स्लॉट, पण वायूसाठी उघडा एक सेंटिमीटरही नाही.

पाणथळ जागेवर एकाच ठिकाणी दोन वेगळ्या बोअर घ्या. एक उथळ, जिचा स्लॉटेड भाग सर्वांत वरच्या पाणीपातळीच्याही वर राहील. दुसरी खोल, जी उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर उघडी होईल आणि एरवी पाण्याचे नमुने द्यायला उपयोगी पडेल. एकाच भोकात दोन पाइप बसवायचा मोह टाळा. मधली सील ओल्या भोकात नीट बसली की नाही हे कळायला मार्ग नसतो.

एक बोअर, एक थर. भराव आणि त्याखालची वाळू दोन्हींतून स्लॉट गेले तर तुम्ही स्वतःच दोन थरांना जोडणारी वाट तयार करता, आणि आकडा कुठल्या थराचा हेही कळत नाही.

पाण्याच्या रेषेच्या वरही माती काही उंचीपर्यंत केशाकर्षणाने भिजलेली असते. वाळूत ही उंची काही सेंटिमीटर ते दोन-तीन वीत, बारीक गाळात आणि चिकणमातीत मीटरच्याही पुढे. त्या ओल्या पट्ट्यातून वायू जवळजवळ जात नाही. म्हणून पाणी ८० सेंटिमीटरवर असलेल्या चिकणमातीत उथळ बोअरही फारशी कामाची नसते. अशा जागेवर बोअरवर विसंबणं सोडून पुढे दिलेले दुसरे मार्ग धरावे लागतात, आणि हे अहवालात स्पष्ट लिहावं लागतं.

डेपोच्या बाजूच्या हद्दीवर बोअर दाट ठेवा, जागेच्या मध्ये विरळ चालतात. वाळूचा पट्टा, जुना नाला किंवा गाडलेली पाइपलाइन डेपोकडून जागेकडे येत असेल, तर तिच्यावर एक बोअर हवीच. ब्रिटनमध्ये डेपोपासून २५० मीटरच्या आतल्या जागा नियोजनाच्या वेळी तपासायची रीत आहे. पण ते अंतर म्हणजे भिंत नव्हे. सलग वाळूत वायू त्यापुढे जातो, आणि घट्ट चिकणमातीत वीस मीटरवरही पोहोचत नाही.

पाइप बसवणं

भोक १५० मिलिमीटर, पाइप ५० मिलिमीटरचा, चुडीचे (आट्यांचे) जोड असलेला. सोल्यूशन लावून जोडू नका. त्यातल्या द्रावकाचे बाष्प पुढे कित्येक आठवडे सेंद्रिय बाष्पांच्या मोजणीत येत राहतात. स्लॉटेड भागाभोवती गोल, धुतलेली, १० मिलिमीटरपर्यंतची खडी घाला. चुनखडीची खडी नको: आम्लधर्मी पाणी लागलं की ती स्वतःच कार्बन डायऑक्साइड सोडते, आणि मग तो जमिनीचा म्हणून मोजला जातो.

या मापात पाइपभोवतीची पोकळी मीटरला साधारण १५ लिटर भरते. खडीचा आणि बेंटोनाइटचा (ओली झाली की फुगून भोक सील करणाऱ्या मातीचा) हिशोब त्यावरून करा. गोळ्यांचं २५ किलोचं पोतं दीड मीटरच्या आसपास पुरतं. पोतं अर्ध्या मीटरमध्येच संपलं तर भोक आत कुठेतरी ढासळलंय किंवा पोकळी आहे. अपेक्षेपेक्षा कमी लागलं तर गोळ्या मध्येच अडकल्यात. पाण्याने भरलेल्या भोकात हे नेहमी होतं: गोळ्या ओल्या होऊन फुगतात, पाइपला चिकटतात, आणि खाली सील न बसता मधोमध बूच तयार होतं. म्हणून मूठमूठ टाका आणि दर थोड्या वेळाने वजन लावलेल्या फितीने खोली मोजा.

वरची सील जमेल तिथे एक मीटर हवी. उथळ बोअरमध्ये तेवढी जागा नसते, तिथे अर्धा मीटर ही किमान मर्यादा समजा. पाणीपातळीच्या वरचं बेंटोनाइट आपोआप भिजत नाही. दर थर टाकला की बादलीने पाणी घाला, नाहीतर कोरड्या गोळ्यांमधून हवा आरपार जाते.

डोक्यावर रबरी बूच आणि गॅस कॉक. तुंबणाऱ्या जागेवर पाइप जमिनीच्या वर ३० ते ५० सेंटिमीटर काढा आणि लोखंडी टोपी घाला. जमिनीशी समतल झाकण लावलंत तर पावसानंतर त्या खळग्यात पाणी साचतं आणि कॉक बुडतो. कॉक उघडला की ते पाणी बोअरमध्ये जातं किंवा उपकरणात शिरतं. समतल झाकण टाळता येत नसेल तर स्पंज आणि छोटा मग पिशवीत कायम ठेवा, आणि खळगा पूर्ण कोरडा झाल्याशिवाय कॉकला हात लावू नका.

बसवल्यावर निदान एक दिवस, शक्यतो आठवडाभर थांबा. खोदाईने आत गेलेली हवा निघून जायला तेवढा वेळ लागतो.

उपकरण आणि स्वतःची काळजी

मिथेन आणि कार्बन डायऑक्साइडसाठी इन्फ्रारेड सेन्सर असलेला ॲनालायझर घ्या. उत्प्रेरक मण्याचे साधे डिटेक्टर इथे चालत नाहीत: त्यांना जळण्यासाठी ऑक्सिजन लागतो, आणि ऑक्सिजन नसलेल्या बोअरमध्ये भरपूर मिथेन असूनही ते कमी किंवा शून्य दाखवतात. इन्फ्रारेडचीही एक मर्यादा आहे. पेट्रोल किंवा डिझेलचे बाष्प असतील तर तो त्यांनाही मिथेनमध्ये धरतो. कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर हायड्रोजनला फसतो, म्हणून ताज्या कचऱ्याजवळचा मोठा आकडा लगेच खरा मानू नका.

टक्क्यांचा घोळ जीवघेणा ठरू शकतो. मिथेनची स्फोटाची खालची मर्यादा हवेत ५ टक्के आणि वरची १५ टक्के. अंगावरचा डिटेक्टर ‘२०’ दाखवतो तेव्हा ते बहुधा खालच्या मर्यादेचे २० टक्के असतात, म्हणजे आकारमानाने १ टक्का. ॲनालायझरवरचे ‘२०’ मात्र आकारमानाचेच. नोंदवहीत एकक लिहा, दर वेळी.

निघण्यापूर्वी प्रमाणित वायूने तपासणी, जागेवर पोहोचल्यावर वाऱ्याच्या वरच्या बाजूला मोकळ्या हवेत शून्य. नमुन्याची नळी बोटाने दाबून बघा: पंप अडखळायला हवा. नाही अडखळला तर कुठेतरी गळती आहे. ओल्या जागेवर पाणी अडवणारे फिल्टर दिवसात दोन-तीनदा बदलावे लागतात, त्यामुळे जादा ठेवा. फिल्टर भिजला की प्रवाह मंदावतो आणि आकडा हळूहळू खाली सरकतो. वायू कमी होतोय असा भास होतो.

अंगावर चार वायूंचा डिटेक्टर हवा. हायड्रोजन सल्फाइडचा वास साधारण १०० भाग प्रति दशलक्षच्या पुढे नाकाला कळेनासा होतो, म्हणून वास गेला म्हणजे वायू गेला असं नाही. बोअरवर वाकून बसू नका, खड्ड्यात किंवा चेंबरमध्ये तपासणीशिवाय उतरू नका.

वाचनाचा क्रम

क्रम चुकला तर वाचन वाया जातं, आणि दुसरी संधी पुढच्या भेटीलाच मिळते.

प्रथम हवेचा दाब, तापमान, पाऊस, जमिनीवर साचलेलं पाणी आणि त्यात बुडबुडे येत आहेत का, हे लिहा. कॉक बंदच ठेवून उपकरण जोडा. मग पंप बंद असताना कॉक उघडा आणि प्रवाह बघा. पहिला उसळीचा आकडा लिहा, मग किमान तीन मिनिटं दर अर्ध्या मिनिटाला लिहीत जा. स्थिर होत नसेल तर थांबा. दहा मिनिटं लागली तरी थांबा. प्रवाह ऋण असेल, म्हणजे बोअर हवा आत ओढत असेल, तर तो ऋण चिन्हासकटच लिहा.

नंतर पंप सुरू करून वायूंचं प्रमाण घ्या: १५, ३०, ६०, ९०, १२० सेकंदांना आणि मग स्थिर होईपर्यंत. सर्वोच्च आणि स्थिर, दोन्ही नोंदवा. मिथेन आणि कार्बन डायऑक्साइडचा सर्वोच्च आकडा, ऑक्सिजनचा सर्वांत खालचा.

पाण्याची पातळी सगळ्यात शेवटी, कारण त्यासाठी बूच काढावं लागतं. या कामात सगळ्यात जास्त चुका याच पायरीवर होतात. बूच काढलं की बोअरमध्ये ताजी हवा भरते, आणि स्लॉट पाण्याखाली असतील तर ती पुढच्या भेटीपर्यंत तिथेच बसून राहते. म्हणून बुडणाऱ्या बोअरमध्ये पातळी मोजणारा लॉगर कायमचा टांगून ठेवणं सर्वांत चांगलं. ते शक्य नसेल तर मोजपट्टीसाठी वेगळं बंद होणारं छिद्र असलेलं बूच वापरा.

वीस सेंटिमीटर पाणी काय करतं

हे एकदा आकड्यांत बघितलं की पुन्हा विसरत नाही. पाइप ५० मिलिमीटरचा, जमिनीवर ४० सेंटिमीटर, स्लॉट १ मीटरपासून खाली. मागच्या भेटीला पाणी जमिनीखाली ९० सेंटिमीटरवर होतं, आज ७० वर आहे. म्हणजे दोन्ही वेळा स्लॉट बुडालेले.

या पाइपात पाण्याचा प्रत्येक सेंटिमीटर १९.६ मिलिलिटर जागा घेतो. कॉक बंद होता, त्यामुळे चढणाऱ्या पाण्याने वरचा वायू दट्ट्यासारखा दाबला. आत १७-१८ मिलिबार जादा दाब तयार झाला. कॉक उघडला की पाणी उरलेली उंची चढतं आणि एकूण साधारण ३९० मिलिलिटर वायू बाहेर येतो. तो तीन मिनिटांत आला तर सरासरी प्रवाह तासाला ७.८ लिटर. पाण्यातून सुटलेलं मिथेन वर साठून ६० टक्के झालं असेल, तर गुणाकार ४.७ लिटर प्रति तास येतो. नेहमीच्या वर्गवारीत (तिचा हिशोब पुढे दिला आहे) ही चौथी श्रेणी, म्हणजे महागडी संरक्षक व्यवस्था. आणि जमिनीने एवढ्यात एक मिलिलिटर वायूही दिलेला नाही.

खरा प्रवाह आणि पाण्याचा दट्ट्या वेगळे ओळखायचे असतील तर कॉक उघडा ठेवून थांबा. दट्ट्याचा प्रवाह घसरत शून्याकडे जातो, खरा टिकतो. पंपिंग सुरू केल्यावरही फरक कळतो. वरच्या उदाहरणात पोकळी फक्त १.१ मीटर, म्हणजे साधारण २.२ लिटर. मिनिटाला अर्धा लिटर ओढणारा पंप ती सव्वाचार मिनिटांत उपसून टाकतो. जमिनीतून नवा वायू येत नसेल तर ओढ वाढते, पाणी पाइपात वर येतं (दर १० मिलिबार ओढीला १० सेंटिमीटर), आणि शेवटी ते नळीत शिरतं. अशा बोअरमध्ये पंप तीन मिनिटांपलीकडे चालवू नका.

भरती-ओहोटी लागणाऱ्या जागेवर हेच दिवसातून दोनदा घडतं. तिथे चढत्या पाण्यात धन आणि उतरत्या पाण्यात ऋण प्रवाह दिसणं हे वायूचं नव्हे, पाण्याचं लक्षण आहे.

शून्य खरं की खोटं

ऑक्सिजन २० टक्क्यांच्या वर आणि बाकी सगळं शून्य दिसलं तर दोन प्रश्न विचारा. स्लॉटेड भागाचा किती भाग पाण्याबाहेर होता? आणि मिथेन, कार्बन डायऑक्साइड व ऑक्सिजन वगळून उरलेल्या वायूचं ऑक्सिजनशी गुणोत्तर किती? हवेत ते ३.८ च्या आसपास असतं. थोडं मिथेन दिसत असताना गुणोत्तर ३.८ असेल तर नमुन्यात हवा मिसळते आहे: सील गळते, कॉक सैल आहे किंवा नळीला चीर आहे. खरी संख्या दिसते त्यापेक्षा मोठी असते.

सगळी वाचनं तीन गटांत ठेवा: स्लॉटेड भाग पूर्ण उघडा, अर्धवट उघडा, पूर्ण बुडालेला. तिसऱ्या गटातलं वाचन नोंदवहीत राहू द्या, पण वर्गवारीच्या हिशोबात घेऊ नका. मोठं असो वा शून्य. सहा भेटींपैकी पाचांत बोअर बुडालेली असेल तर तुमच्याकडे एक भेट आहे, सहा नाहीत.

सगळ्याच बोअर बुडालेल्या असतील तर

पहिला पर्याय वाट बघण्याचा: पाणी उतरेल त्या ऋतूपर्यंत मोजणी लांबवा. कामाच्या वेळापत्रकात हे कुणाला आवडत नाही, पण पावसाळ्यात घेतलेल्या बारा निरर्थक वाचनांपेक्षा उन्हाळ्यातली चार बरी.

दुसरा, सतत नोंद करणारा मॉनिटर. दर तासाला वायू, हवेचा दाब आणि पाण्याची पातळी एकत्र लिहिणारं उपकरण दोन-तीन आठवडे एका बोअरमध्ये ठेवा. तिन्ही रेषा एकाखाली एक ठेवल्या की वायू दाबाबरोबर हलतो की पाण्याबरोबर, हे आलेखावर स्पष्ट दिसतं.

तिसरा, पाण्यातला विरघळलेला वायू. यासाठी खोल बोअर कामी येते. हवेचा ओढा लावून पाणी उपसणारा पंप वापरू नका, त्या ओढीनेच वायू पाण्यातून निघून जातो. आतून ढकलणारा ब्लॅडर पंप घ्या आणि मिनिटाला १०० ते ५०० मिलिलिटरच्या संथ गतीने चालवा. ४० मिलिलिटरच्या कुपीत नळी तळापर्यंत घाला, पाणी खालून वर चढू द्या, दोन-तीन कुप्यांइतकं ओसंडून वाहू द्या आणि एकही बुडबुडा न ठेवता झाकण लावा. कुपी उलटी करून बघा. बुडबुडा दिसला तर ती टाकून दुसरी भरा. सूक्ष्मजीव थांबवणारं परिरक्षक प्रयोगशाळेने सांगितलं तेच वापरा, आणि नमुने थंड ठेवा.

आकडा वाचताना १.४ मिलिग्रॅम प्रति लिटर ही रेषा ध्यानात ठेवा. त्या पाण्यावरच्या बंद पोकळीत मिथेन ५ टक्क्यांवर जाऊ शकतं. गटारात सोडायच्या पाण्यासाठी याचा दहावा भाग, ०.१४, ही मर्यादा म्हणून वापरली जाते.

चौथा मार्ग साधा आहे. साचलेल्या पाण्यात बुडबुड्यांची रांग येत असेल, तर त्यावर मोठं नरसाळं उपडं बुडवा, निमुळत्या तोंडाला नळी आणि वायूपिशवी लावा, आणि किती मिनिटांत किती मिलिलिटर जमलं ते लिहा. पायाने चिखल ढवळून काढलेले बुडबुडे मोजू नका. तो चिखलातला कधीचा साठलेला वायू असतो.

किती वेळा, आणि हा वायू कुणाचा

भेटींची संख्या कचऱ्याचं वय आणि वर काय बांधायचंय यावर ठरते. सिरिया (CIRIA) या ब्रिटिश बांधकाम-संशोधन संस्थेच्या सी ६६५ मार्गदर्शिकेत सर्वांत सौम्य स्थितीत महिन्याभरात चार वाचनांपासून सर्वांत वाईट स्थितीत दोन वर्षांत चोवीसपर्यंत शिफारस आहे, आणि त्यांपैकी निदान दोन कमी व उतरत्या दाबात, १००० मिलिबारखाली. हा आकडा समुद्रसपाटीजवळचा आहे. उंचावरच्या जागेवर दाब कायमच कमी असतो, तिथे आकड्यापेक्षा उतरण्याचा वेग बघा. हवामानाचा अंदाज बघून भेटीचा दिवस ठरवा, महिन्याची पहिली तारीख बघून नव्हे.

पाणथळ जागेवर मिथेन सापडलं म्हणजे ते डेपोचंच, असंही नाही. गाळ आणि कुजलेल्या वनस्पतींचे थर (पीट) स्वतःच मिथेन करतात: प्रमाण मोठं, दाब नगण्य. रेडिओकार्बन तपासणीत जुन्या पीटचा कार्बन जुना निघतो, कचऱ्याचा अलीकडचा. इथेन सापडलं तर पाइपलाइनच्या किंवा खोल खडकातल्या वायूचा संशय घ्या, कारण कचऱ्याच्या वायूत ते जवळजवळ नसतं. भूजलातला अमोनिया आणि क्लोराइड डेपोच्या दिशेला वाढत असतील तर डेपोचं पाणी तिथपर्यंत पोहोचतंय. स्रोत ठरवणं महत्त्वाचं आहे, कारण पीटचं उत्पादन मंद असतं, आणि डेपोतून दाबाने येणारा वायू वाट मिळाली की वाढू शकतो.

वर्गवारीचा हिशोब

प्रत्येक बोअरसाठी प्रवाह (लिटर प्रति तास) गुणिले वायूचं प्रमाण भागिले शंभर. मिथेन आणि कार्बन डायऑक्साइडचा वेगवेगळा, मोठा तो घ्या. ०.०७ खाली पहिली श्रेणी, ०.७ पर्यंत दुसरी, ३.५ पर्यंत तिसरी, १५ पर्यंत चौथी, ७० पर्यंत पाचवी, पुढे सहावी. प्रवाह उपकरणाच्या पकडीखाली असेल तर शून्य न घेता ०.१ घ्या. गुणाकार ०.०७ खाली असला तरी मिथेन १ टक्क्यावर किंवा कार्बन डायऑक्साइड ५ टक्क्यांवर असेल तर दुसऱ्या श्रेणीचा विचार करा.

बीएस ८४८५ या ब्रिटिश मानकातलं कोष्टक वापरणं सोपं आहे. त्यात कुठला आकडा घालायचा हे ठरवणं अवघड. बुडालेल्या बोअरचा आकडा वगळल्यावर पुरेशी वाचनं उरली नाहीत, तर श्रेणी ठरवू नका. जास्त मोजणी मागा, किंवा एक पायरी वरची संरक्षक व्यवस्था धरा आणि कारण लिहा.

पाणी उपसायला सुरुवात झाली की

मोजणीच्या काळात जागा पाण्याखाली होती. पायाच्या खोदाईसाठी पंप लागतात तेव्हा पाणी दोन-तीन मीटर उतरतं आणि इतके दिवस बंद असलेले थर वायूला मोकळे होतात. म्हणजे मोजलेली जागा आणि बांधली जाणारी जागा वेगवेगळ्या असतात. कायमचा निचरा करणारी भूमिगत गटारं टाकली जाणार असतील तर इमारतीखाली हीच नवी स्थिती राहणार. म्हणून उपसा सुरू झाल्यावर निदान काही आठवडे डेपोच्या बाजूच्या बोअर पुन्हा मोजा, आणि पूर्वी बुडालेल्या असतील त्यांना प्राधान्य द्या.

उपसलेल्या पाण्याचाही हिशोब करा. मिथेनने संपृक्त पाण्याच्या एका लिटरमधून ३७ मिलिलिटरच्या आसपास वायू सुटू शकतो. तासाला १० घनमीटर उपसा असेल तर ३७५ लिटर मिथेन. ते गाळ बसवण्याच्या बंद टाकीत साठलं तर पंपाच्या स्टार्टरची एक ठिणगी पुरे. टाकी वरून उघडी ठेवा, पाणी आत धबधब्यासारखं पडू द्या म्हणजे वायू मोकळ्या हवेत सुटेल, आणि स्टार्टर टाकीपासून लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसवा. पावसामुळे कुणी टाकीवर ताडपत्री ओढली असेल, तर आधी ती काढा, कडेला डिटेक्टर धरून बघा, आणि मगच स्टार्टरला हात लावा.